करंगळी बरी असते

चिपळूणच्या बाजारपेठेत ताईंचं स्टेशनरी-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. वय ४४. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत पाळीने कामाला, मुलगा दहावीत, घरात ७८ वर्षांच्या सासूबाई. जानेवारी २०२४ मध्ये त्या माझ्याकडे आल्या त्या प्रश्न तयार घेऊनच. “मॅडम, अंगात बसलेला ट्रॉमा काढायची सोमॅटिक थेरपी असते म्हणतात. पुण्यात करतात. पैसे बाजूला काढलेत. मला ती लागू पडेल का, एवढंच सांगा.”

या ‘एवढंच’ला पुढचा अख्खा पावसाळा गेला.

मी रत्नागिरी जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. सोमॅटिक थेरपीचं प्रशिक्षण मी घेतलेलं नाही, त्यामुळे ती गळ्यात मारण्यात माझा फायदा नाही आणि तिला नावं ठेवण्यातही नाही. हे प्रकरण ताईंच्या परवानगीने लिहिते आहे. मसुदा त्यांनी गल्ल्यावर बसून वाचला आणि दोन वाक्यं खोडली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शिडीवरचा प्रसंग तर त्यांच्याच सांगण्यावरून पुष्कळ बदलला आहे. गाभा तेवढा तोच.

२२ जुलै २०२१ ची पहाट. चिपळूणकरांना तारखेचा अर्थ समजावावा लागत नाही. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेली माणसं ‘आलं तर इथपर्यंत येईल’ अशी एक रेघ मनात धरून होती. वाशिष्ठीनं ती रेघ बुडवली. ताईंचा नवरा रात्रपाळीला. पाणी आधी मोरीतून आलं, मग उंबऱ्यावरून, आणि दहावीस मिनिटांत कपाट तरंगायला लागलं. शिडी लावून मुलाला माळ्यावर चढवलं, मग सासूबाईंना. त्यानंतर दुपारी बोट येईपर्यंत सुमारे अकरा तास तिघं माळ्याच्या फळ्यांवर. हातभर खाली चिखलाचं पाणी, त्यावर रॉकेलचा वास. ताईंच्या उजव्या मुठीत सासूबाईंचं मनगट.

अडीच वर्षांनंतरची स्थिती अशी. पत्र्यावर जोराची सर आली की ताई पळत नाहीत, ओरडत नाहीत. आहेत तिथे थिजतात. गिऱ्हाईक समोर झेरॉक्सचे पैसे धरून उभं असतं आणि त्यांना हात पुढे करता येत नाही. ओल्या चिखलाच्या वासाने पोटात ढवळतं. जबडा आवळलेला. जून ते सप्टेंबर झोप माळ्यावरच, उशाशी मुलाच्या दाखल्यांची प्लास्टिकची पिशवी. आणि रोज पहाटे तीनच्या सुमाराला उजव्या हाताला मुंग्या येऊन, कळ लागून जाग. हात झटकला की जरा बरं वाटतं. “तो हात अजून त्यांना धरून आहे, मॅडम,” असं त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांचं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आधीचे उपाय पुष्कळ झाले होते. सासूबाईंनी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून कौल लावला होता, तो उजवा मिळाला होता. (मी यावर हसत नाही. त्या दिवसानंतर आठवडाभर ताईंना झोप लागली होती, आणि आठवडाभराची झोप ही क्षुल्लक गोष्ट नाही.) जवळच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या पंधरा दिवसांत सोडल्या. “आणि बोलून तर झालंच,” त्या म्हणाल्या. “सांगून सांगून तोंड दुखलं. बोलून काही होत नाही, म्हणून आता शरीराकडून बघते.”

सोमॅटिक थेरपीकडे वळणाऱ्या निम्म्याअधिक माणसांकडून मी हेच वाक्य ऐकलेलं आहे. म्हणून विचारलं, कोणाला सांगितलंत? तलाठ्याला, पंचनाम्याच्या वेळी. विम्यावाल्याला. मुंबईहून आलेल्या चॅनेलवाल्या मुलीला. नणंदेला, जावेला, गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला. मलाही त्यांनी सांगितलं, आणि मी घड्याळ पाहिलं नसतं तरी कळलं असतं की ही गोष्ट घोटून तयार झालेली आहे. किती वाजता किती फूट पाणी, कोणतं सामान गेलं, बोट कुठून आली. आवाज एका पट्टीत. डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. ते सांगणं पंचनाम्याचं होतं. आघातावरचे बोलण्याचे उपचार म्हणतात ते त्यांच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. त्या उपचारांत गोष्ट हळू सांगायची असते, नेमकी जिथे जीभ अडते तिथे थांबायचं असतं, आणि त्या क्षणी मनाने कोणता निकाल दिला ते तपासायचं असतं. तलाठ्याला ते करायला वेळ नसतो.

आता ‘तो हात अजून त्यांना धरून आहे’ हे वाक्य कुठून आलं ते. डिसेंबर २०२३ मध्ये ताईंनी किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांचं ‘ट्रॉमा मुक्ती’ शिबिर केलं होतं. जाहिरात व्हॉट्सॲपवर आलेली. वाळूवर आडवं व्हायचं, तोंडाने जोरजोरात श्वास घ्यायचा, अंग थरथरलं तर थरथरू द्यायचं. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला ताईंच्या ओठांभोवती मुंग्या आल्या आणि दोन्ही हातांची बोटं आखडून पक्ष्याच्या चोचीसारखी झाली. उघडेनात. शिबिर घेणारे गृहस्थ आनंदले. ट्रॉमा बाहेर पडतोय, म्हणाले. हा हात अजून सासूबाईंना धरून आहे. ताई घरी आल्या त्या त्या चोचीची धास्ती घेऊन. पुढचे तीन आठवडे रात्री झोप नाही, दिवसा कोणी मागून हाक मारली तरी दचकायचं.

बोटं आखडण्यामागे शाळेतल्या रसायनशास्त्राएवढं साधं कारण आहे. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यामुळे मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि नसा-स्नायू चेवतात. तोंडाभोवती मुंग्या, बोटांना आचके. हे पुरात सापडलेल्या माणसाला होतं आणि आयुष्यात कधी ओला न झालेल्यालाही होतं. गर्भवती, हृदयरोगी आणि फिट येणाऱ्या माणसांनी तर असल्या श्वासाच्या वाटेला जाऊच नये. शिबिरात हे कोणी विचारलं होतं का? फॉर्मवर नाव, मोबाइल आणि टीशर्टचं माप होतं.

तरी हाताचा प्रश्न उरलाच होता, कारण पहाटेच्या मुंग्या शिबिराच्या आधीपासूनच्या. मी ताईंना हात टेबलावर ठेवायला सांगितला. कोणत्या बोटांना होतं? अंगठा, तर्जनी, मधलं. अनामिकेला? “अर्ध्या बाजूला.” आणि करंगळी? त्या जरा गोंधळल्या, बोटं एकेक हलवून बघितली. “करंगळी बरी असते.”

आठवणीला करंगळी वगळायचं काही कारण नाही. मनगटातल्या मध्यवर्ती नसेला आहे. तिचा मुलूख अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंतच. रात्री कळ, झटकल्यावर आराम, करंगळी सुटलेली: हे कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचं चित्र. चाळिशीतल्या बायकांमध्ये ते खूप दिसतं, थायरॉइड मंद असला तर अधिक. मी डॉक्टर नाही, म्हणून चिठ्ठी लिहून पाठवलं. नसांची तपासणी झाली, रक्त तपासलं. कार्पल टनेल निघालं आणि टीएसएचही (थायरॉइड मंद पडला की वाढणारं संप्रेरक) वाढलेला निघाला. रात्री मनगटाला पट्टा आणि सकाळी थायरॉइडची गोळी. दीड महिन्यात पहाटे तीनची जाग आठवड्यातून दोनदावर आली.

ताईंना हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. त्या खट्टू झाल्या. इतके दिवस त्या मुंग्यांना एक अर्थ होता, तो गेला. “म्हणजे माझं सगळं मनाचंच खोटं होतं का?” नव्हतं. पत्र्याच्या आवाजाला थिजणं, चिखलाचा वास, माळ्यावरची झोप हे नसेमुळे होत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांनी पीटीएसडीचंच, म्हणजे आघातानंतर मागे उरणाऱ्या मानसिक विकाराचंच निदान केलं, औषधाचा पर्यायही दिला. ताईंनी तो तूर्त बाजूला ठेवला. पण शरीर बोलतं म्हणून शरीराची प्रत्येक कुरकुर पुराबद्दलच बोलते असं धरलं असतं, तर एका दाबल्या गेलेल्या नसेवर आम्ही वर्षभर थेरपी करत बसलो असतो. सोमॅटिक उपचारांचा विचार करणाऱ्यानं आधी साधी शारीरिक तपासणी करावी, असं मी पूर्वीही सांगायचे, पण तोंडदेखलं. आता चिठ्ठी हातात दिल्याशिवाय पुढे जात नाही.

मग मूळ प्रश्न. या उपचारांतला सर्वांत नावाजलेला प्रकार म्हणजे सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग. अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी तो १९७० च्या दशकापासून घडवला. त्यात गोष्ट सांगायचा आग्रह नसतो. संकटात धावायचं किंवा लढायचं राहून गेलेलं शरीर त्याच तयारीत अडकतं, असं त्यामागचं गृहीतक. म्हणून अंगातल्या संवेदनेकडे थोडं थोडं लक्ष द्यायचं, त्रासाच्या जागेकडून निवांत जागेकडे आणि परत, मात्रा अगदी कमी ठेवून. शिबिरातली धडपड या पद्धतीच्या बरोबर उलट होती, हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

पुरावा किती? बेताचा, पण शून्य नाही. इस्रायलमध्ये ६३ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला एक अशा १५ बैठकांनंतर पीटीएसडीची लक्षणं उतरली. तुलना मात्र उपचाराची वाट पाहणाऱ्यांशी होती, दुसऱ्या उपचाराशी नव्हती. २०१४ च्या एका अभ्यासात इतर उपचार करूनही त्रास न हटलेल्या ६४ बायकांपैकी ज्यांनी १० आठवडे योग केला त्यांना फायदा दिसला. याउलट जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये प्रौढांच्या पीटीएसडीसाठी शिफारस केली ती आघात-केंद्री सीबीटी (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलणारा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआरची (आघात आठवताना डोळे डावी-उजवीकडे फिरवण्याचा उपचार). म्हणजे रांगेत पुढे कोण उभं आहे ते उघड आहे. पण रांग सगळ्यांची असते आणि प्रकरण एकाचं. काही माणसांना गोष्ट सांगायला लागलं की ती अंगातून निघूनच जातात, डोळे काचेचे होतात. त्यांना आधी पाय जमिनीवर टेकवायला शिकवावं लागतं, आणि तिथे शरीराकडून जाणारी वाट मोलाची ठरते. ताई त्यांतल्या आहेत का?

हे पाहायला आम्ही माझ्याच खोलीत तीन बैठका घालवल्या. थेरपी नव्हे, नुसती चाचणी. छातीतल्या श्वासाकडे लक्ष द्या म्हटल्यावर अर्ध्या मिनिटात ताईंचा जबडा आवळला, चेहरा उतरला. बंद केलं. पावलांकडे लक्ष द्या म्हटलं, काही नाही. चपला काढून शहाबादी फरशीवर पाय ठेवले, तेव्हा म्हणाल्या, “गार लागतंय.” खांदे इंचभर उतरले. मग मूठ अगदी सावकाश आवळायची आणि तेवढ्याच सावकाश उघडायची. ते त्यांना आवडलं, दुकानातही करायला लागल्या. तिसऱ्या बैठकीत मी पावसाचा आवाज मोबाइलवर बारीक लावला, एक मिनिट. थिजणं आलं. पावलांकडे परतल्यावर तीन-चार मिनिटांत उतरलं. म्हणजे शरीराकडे लक्ष देणं त्यांना सोसत होतं, फक्त श्वासाच्या दारातून नव्हे. हे कळायला पुण्याला जावं लागलं नाही, की पैसेही पडले नाहीत.

इथपर्यंत माझं मत सोमॅटिककडे झुकत चाललं होतं. ते फिरवलं एका कागदानं.

पीटीएसडीची एक प्रश्नावली असते, २० प्रश्नांची, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. ३१ ते ३३ च्या वर बेरीज गेली की नीट तपासणी हवी असं समजतात. ताईंची बेरीज ५१. मी बेरजेपेक्षा चार गुण कुठे पडलेत ते बघते. आवाजाला दचकणं, तीन. शरीराची प्रतिक्रिया, तीन. दहावा प्रश्न असतो झालेल्या गोष्टीबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देण्याचा. तिथे चार, आणि पेनाने दोनदा गिरवलेले.

त्यांच्या पंचनाम्यात दोषाला जागाच नव्हती. उलट सासूबाई येईल-जाईल त्याला सांगतात, “सुनेनं हात सोडलान नाय माझा, म्हणून मी आज हाय.” मी कागदावर बोट ठेवून विचारलं, हे कशाबद्दल? पंखा फिरत होता. ताईंनी पदराचं टोक दुमडलं, उलगडलं. मग कॅलेंडरकडे न बघता बोलल्या. शिडीवर मुलाचा पाय सटकला होता. त्याला ढकलायला त्यांनी हात सोडला होता. दहा आकडे मोजायला लागतील एवढा वेळ. सासूबाई हनुवटीपर्यंत पाण्यात होत्या. मग परत धरला. सासूबाईंना ते आठवत नाही. “आणि रोज माझं कौतुक करतात.”

निर्णय तिथेच झाला, असं मला वाटतं. हात सोडल्याचा जो निकाल ताईंनी स्वतःविरुद्ध देऊन ठेवला होता, तो फरशीच्या गारव्याने बदलला नसता. पाय शांत झाले असते, पोट शांत झालं असतं, आणि सासूबाईंचं पुढचं कौतुक परत तसंच टोचलं असतं. अपराधाची भावना, ‘मी असं करायला नको होतं’ हा विचार जिथे मुळाशी आहे, तिथे तो विचार हाताळणारेच उपचार आधी, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं. सोमॅटिक नको असं नाही म्हटलं. आत्ता पहिलं नको, म्हटलं.

व्यवहाराच्या गोष्टीही होत्याच. सोमॅटिकच्या पुण्यातल्या बैठकीला जाऊन-येऊन दोन दिवस दुकान बंद. त्या थेरपिस्टचं मूळ शिक्षण काय, हे ताईंनी फोनवर विचारलं (मी शेजारी बसून होते), तर उत्तर गोलगोल आलं. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचं प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचं असतं, पण ते घेणारा मूळचा मानसशास्त्रज्ञ असेलच असं नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक मागण्यात काही उद्धटपणा नाही. स्पर्श करता का, असंही ताईंनी विचारलं. “गरज पडली तर.” ताई म्हणाल्या, गरज कोण ठरवणार? पलीकडून नीट उत्तर मिळालं नाही. फोन ठेवल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, हे नको.

नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुंबईच्या मिळाल्या, व्हिडिओवर, आघात-केंद्री बोलण्याच्या उपचारांतल्या. १२ बैठका ठरल्या, मार्चच्या मध्यापासून. मिरगाच्या आत संपवायच्या, आगोटीच्या कामांसारख्या. लाकडं, मीठ-मसाला, पापड आणि ही थेरपी, असं ताईंनी हसत सांगितलं. पहिली पाच मिनिटं पाय फरशीवर आणि मुठीचा सराव, मग बोलणं. ही तडजोड त्या मानसशास्त्रज्ञांनी आनंदाने मान्य केली. मधल्या काळात रात्री-अपरात्री घाबरलं तर १४४१६, टेली-मानसचा मोफत नंबर. तो ताईंनी दोनदा लावला, मराठीत बोलल्या.

बैठकांत काय झालं ते मी सांगणार नाही, ते माझं नाही. चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर त्रास वाढला होता, एवढं नोंदवते, कारण तो वाढतो हे आधी सांगितलेलं असल्यामुळेच त्यांनी मधेच सोडलं नाही. जूनमध्ये बेरीज २६ झाली. दहाव्या प्रश्नाला एक. नवऱ्याला त्यांनी शिडीचं सांगितलं. सासूबाईंना नाही, आणि सांगायलाच हवं असं त्या मानसशास्त्रज्ञांनी म्हटलं नाही, मीही नाही.

जुलै २०२४ मध्ये पाऊस भरपूर झाला. वाशिष्ठीची पातळी वाढली की नगरपरिषदेचा भोंगा, मोबाइलवर संदेश, बाजारपेठेत सामान वर उचलायची धावपळ. ताईंनी झेरॉक्सचं मशीन दोन माणसं लावून वर घेतलं आणि खाली झोपल्या. पहिली रात्र. दुसऱ्या रात्री परत माळ्यावर. पत्र्याचा आवाज आला की थिजणं अजून येतं, फक्त आता मिनिटभराचं. जबडा तसाच आवळलेला असतो. दातांच्या डॉक्टरांनी झिजलेल्या दाढा दाखवल्या.

ऑगस्टच्या शेवटी ताई परत आल्या. प्रश्नावली पुन्हा भरली. दोष एक, वाईट स्वप्नं शून्य, पण दचकणं आणि अंगाची प्रतिक्रिया अजून दोन-दोन. म्हणाल्या, “मॅडम, आता विचारते. आता जे उरलंय ते अंगातच आहे ना?”

या वेळी माझ्याकडे हरकत घ्यायला फारसं काही नव्हतं. नस तपासून झाली होती, थायरॉइड जाग्यावर होता, गोष्ट सांगून झाली होती. शिल्लक होतं ते पत्रा आणि जबडा. नवीन थेरपिस्ट शोधल्या: पुण्यातल्याच, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचं प्रशिक्षण पूर्ण केलेल्या. ताईंनी अटी स्वतः वहीत लिहिल्या, दुकानातल्याच लांब वहीत. स्पर्श नाही. श्वासाचे व्यायाम नाहीत. आधी तीनच बैठका, आणि तिसरीनंतर दुकानावर सलग आठ दिवस बसून बघायचं की फरक पडतोय की नाही. नाही पडला तर पैसे मुलाच्या क्लासला.

पहिली बैठक सप्टेंबरची मिळत होती. ताईंनी ती दिवाळीनंतरची मागून घेतली. मला शंका आली की ही टाळाटाळ आहे, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

“तसं नाही,” त्या म्हणाल्या. “पुण्याची एसटी कुंभार्ली घाटातून जाते. पावसात तिथे दरड येते, हे काय माझ्या डोक्यातलं आहे होय?”